कोल्हापूरचा खेळाडू, परगावची जर्सी : अनिकेत जाधवची कारकीर्द आणि तिच्यामागचा इतिहास

ऑगस्ट २०१८. स्पेनमधील व्हॅलेन्सियाजवळ दरवर्षी भरणाऱ्या कोतिफ या युवा स्पर्धेत भारताच्या वीस वर्षांखालील संघाची गाठ अर्जेंटिनाशी पडली. चौथ्या मिनिटाला दीपक टांगरीने हेडरवर गोल केला आणि भारत पुढे गेला. ५४व्या मिनिटाला भारताच्या एका आघाडीच्या खेळाडूला लाल कार्ड मिळाले. उरलेला सामना दहा जणांनी खेळायचा होता. तरीही ६८व्या मिनिटाला अन्वर अलीने फ्री किकवर दुसरा गोल केला. अर्जेंटिनाने त्यानंतर एक गोल फेडला, पण सामना भारताने २-१ असा जिंकला. अर्जेंटिनाच्या त्या संघाचे प्रशिक्षक होते लिओनेल स्कालोनी. चारच वर्षांनी कतारमध्ये मेस्सीच्या हाती विश्वचषक आला, तेव्हा अर्जेंटिनाचे प्रशिक्षक हेच स्कालोनी होते.

लाल कार्ड मिळालेला तो खेळाडू कोल्हापूरचा होता. अनिकेत अनिल जाधव, जन्म १३ जुलै २०००.

विश्वचषकाच्या दिवसांत मेस्सी आणि नेमारचे भव्य कटआउट उभारणारे, पेठेच्या भिंती निळ्या-पांढऱ्या किंवा पिवळ्या-हिरव्या रंगांत न्हाऊ घालणारे आणि अर्जेंटिना की ब्राझील या प्रश्नावर एकाच घरातल्या भावाभावांत अबोला धरणारे हे शहर. त्या शहरातला एक मुलगा प्रत्यक्ष अर्जेंटिनाच्या जर्सीसमोर उभा राहिला होता. ही घटना कोल्हापुराबाहेर फारशी कुणाला ठाऊक नाही. कोल्हापुरातही ती सर्वांना ठाऊक असेल, असे खात्रीने म्हणवत नाही.

अनिकेतची कारकीर्द अजून संपलेली नाही. मग ती इतिहासाचा विषय कशी? उत्तर सोपे आहे. एका खेळाडूच्या बदलत गेलेल्या जर्सींचा माग घेतला, की महाराष्ट्रातील व्यावसायिक फुटबॉलच्या गेल्या पंधरा-वीस वर्षांचा सारा आलेख समोर उभा राहतो. आणि त्या आलेखाच्या मागे त्याहून जुना प्रश्न आहे : ज्या शहरात स्थानिक सामन्याला हजारो माणसे जमतात, त्या शहराच्या मुलाला व्यावसायिक फुटबॉल खेळण्यासाठी गाव का सोडावे लागते?

आधी गावाकडे पाहू.

कोल्हापूरच्या फुटबॉल संघांची नावे वाचणे हाच एक इतिहासाचा धडा आहे. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी क्रीडा मंडळ. यांतील बहुतेक नावांत ‘तालीम’ हा शब्द आहे. तालीम म्हणजे मुळात कुस्तीचा आखाडा : लाल माती, हौदा, मुद्गल, जोर-बैठका. राजर्षी शाहू महाराजांनी (कारकीर्द १८९४ ते १९२२) मल्लविद्येला जो आश्रय दिला, खासबागचे जे भव्य मैदान उभारले, त्यातून कोल्हापूर हे कुस्तीचे माहेरघर झाले, हे शाळकरी मुलांनाही माहीत असते. पण तालीम ही नुसती व्यायामशाळा कधीच नव्हती. पेठेतल्या तरुणांचा तो अड्डा होता, गणेशोत्सवाचे मंडळ तिथेच बसत असे, मोहरमचे पीर तिथेच बसत, भांडणे तिथे मिटत आणि काही तिथेच सुरूही होत. पेठेची अस्मिता म्हणून जी काही गोष्ट असते, तिचा पत्ता तालमीचा असे.

फुटबॉल आला तेव्हा त्याला नवे घर शोधावे लागले नाही. तो तालमीतच राहायला आला. इंग्रजांकडून आलेला खेळ आणि मातीतली संस्था यांचा असा संसार महाराष्ट्रात अन्यत्र इतक्या दीर्घकाळ टिकलेला दिसत नाही. मुंबईत फुटबॉल वाढला तो रोव्हर्स चषकाभोवती. १८९१ साली सुरू झालेली ही स्पर्धा आधी गोऱ्या पलटणींची होती. पुढे मुंबईच्या फुटबॉलला आधार मिळाला तो मुख्यतः कंपन्या आणि सरकारी आस्थापनांच्या संघांचा. पुण्यात लष्करी छावणी आणि मिशनरी शाळा होत्या. कोल्हापुरात मात्र खेळाचा धनी ना पलटण होती ना कंपनी. धनी होती पेठ.

या साऱ्याला संघटनेची चौकट मिळाली ती १९४० साली, कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या स्थापनेने. लोकांच्या तोंडी ती नुसती ‘केएसए’. छत्रपती घराण्याचा आश्रय संस्थेला आरंभापासून लाभला आणि तो आजतागायत आहे. मालोजीराजे छत्रपती २०२२ साली अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या कार्यकारिणीवर गेले, तेव्हा कोल्हापुरात त्याची बातमी राजकीय नियुक्तीसारखी वाचली गेली. केएसएची लीग आणि निरनिराळे चषक शाहू स्टेडियमवर होतात. हंगाम साधारण डिसेंबरात सुरू होतो आणि पावसाळ्याच्या तोंडावर संपतो. पाटाकडील विरुद्ध दिलबहार किंवा शिवाजी विरुद्ध प्रॅक्टिस असा सामना असला, की मंगळवार पेठ, रविवार पेठ, शिवाजी पेठ यांची दुपार त्या सामन्याच्या नावे लिहून दिलेली असते. कामावरून अर्धी रजा काढून, दुकानाचे शटर अर्ध्यावर ओढून, हलगी-ताशा घेऊन माणसे येतात. नायजेरिया, घाना अशा देशांतले खेळाडूही या पेठांच्या जर्सीत खेळून गेले आहेत. शिक्षण किंवा उपजीविकेसाठी भारतात आलेला आफ्रिकी तरुण कोल्हापूरच्या एखाद्या बोळात ‘आपला माणूस’ होतो, ही गोष्ट स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

या ईर्षेची काळी बाजूही लपवण्यासारखी नाही. स्टेडियममध्ये हुल्लडबाजी झाली आहे, दगडफेक झाली आहे, पोलीस बंदोबस्तात सामने उरकावे लागले आहेत. पेठेचे प्रेम आंधळे असते, हे कोल्हापूरकर स्वतःच कौतुकाने सांगतात. त्यात कौतुक किती करावे, हा प्रश्न वेगळा.

पण या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की, तालमीचे फुटबॉल आणि कराराचे फुटबॉल ही दोन वेगळी जगे आहेत. तालमीच्या संघात खेळाडू पेठेसाठी खेळतो. त्याला मान मिळतो, बक्षीस मिळते, मानधन मिळते, वेळप्रसंगी पेठ त्याच्या घरच्या अडचणीलाही उभी राहते. हंगाम संपला की तो आपल्या नोकरीधंद्याकडे वळतो. कराराच्या जगात खेळाडू हा वर्षाचे बाराही महिने खेळाडू असतो : त्याचा आहार, झोप, वजन, दुखापत, सारे क्लबच्या वहीत नोंदलेले असते. आणि करार संपला की कुणी कुणाचे नसते. एका जगात आपुलकी आहे पण शिडी नाही. दुसऱ्यात शिडी आहे, पण ती कोल्हापुरात उभी नाही.

अनिकेत त्या शिडीपर्यंत पोहोचला तो शासनाच्या एका योजनेतून.

२०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाआधी देशभरच्या वृत्तपत्रांनी त्याची एकच ओळख पुन्हा पुन्हा छापली : रिक्षाचालकाचा मुलगा. ती खोटी नव्हती. पण गरिबीची कहाणी सांगताना आपल्याकडची पत्रकारिता नेहमी एक गोष्ट विसरते, ती म्हणजे संस्था. गरीब घरातला गुणी मुलगा आपोआप वर येत नाही. त्याला कुणीतरी शोधावे लागते, वसतिगृहात ठेवावे लागते, खाऊ घालावे लागते. महाराष्ट्र शासनाची निवासी क्रीडा प्रबोधिनी हे काम करते. पुण्यातील बालेवाडीचे शिवछत्रपती क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभे राहिले. अनिकेत लहान वयात घर सोडून प्रबोधिनीत, पुण्यात आला. राधानगरी तालुक्यातला स्वप्निल कुसाळे, ज्याने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचे कांस्यपदक मिळवले, तोही याच योजनेच्या नाशिकच्या प्रबोधिनीतला. शासकीय योजनांवर टीका करण्याची संधी इतिहासाचा विद्यार्थी सहसा सोडत नाही, पण इथे श्रेय ज्याचे त्याला द्यावे लागते.

प्रबोधिनीनंतरची पायरी होती पुणे एफसीची अकादमी. आणि इथे कथा जरा थांबवून एक यादी वाचावी लागेल, ती क्लबांच्या मृत्युलेखांची.

महिंद्र युनायटेड हा मुंबईचा नामांकित क्लब. २००५-०६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीगचा विजेता. २०१० साली कंपनीने तो बंद केला. मुंबई एफसी २००७ साली स्थापन झाला, २०१७ मध्ये आय-लीगमधून खाली घसरला आणि मिटला. पुणे एफसी हाही २००७ चा. पिरामल समूहाचा हा क्लब देशातल्या उत्तम अकादमींपैकी एक चालवत होता, पण २०१५ मध्ये तो आय-लीगमधून बाहेर पडला. डीएसके शिवाजियन्स हा पुण्याचाच दुसरा क्लब २०१५-१६ मध्ये आय-लीगमध्ये आला आणि दोन हंगामांत नाहीसा झाला. एफसी पुणे सिटी २०१४ साली इंडियन सुपर लीगच्या पहिल्या हंगामापासून होता. २०१९ साली तोही गेला.

नऊ वर्षांत पाच क्लब. एवढ्या काळात कोल्हापुरातली एखादी तालीम बंद पडली असती, तर पेठेत दंगा झाला असता.

या पडझडीचे कारण एका वाक्यात सांगता येणार नाही, पण एक धागा स्पष्ट दिसतो. हे सारे क्लब उद्योगसमूहांचे होते. समूहाचा ताळेबंद बदलला, जाहिरातीचे धोरण बदलले, बांधकाम व्यवसायात मंदी आली, की पहिली कुऱ्हाड फुटबॉलवर पडे. प्रेक्षकांचा मालकी हक्क तर सोडाच, त्यांचा आवाजही कुठे नव्हता. २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाल्यावर जुन्या आय-लीगमधील क्लबांचे पुरस्कर्तेही पातळ झाले. निखिल कदमसारखा कोल्हापूरचा खेळाडू पुण्याच्या क्लबांतून पुढे कोलकात्याच्या मोहन बागानपर्यंत गेला. त्या पिढीसाठी पुणे हा कोल्हापूर आणि भारतीय फुटबॉल यांच्यामधला पूल होता. अनिकेत त्या पुलावरून पलीकडे गेला आणि पाठीमागे पूल ढासळत गेला, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

२०१३ च्या डिसेंबरात भारताला २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाचे यजमानपद मिळाले होते. यजमान म्हणून भारताचा प्रवेश आपोआप निश्चित झाला. पुरुषांच्या कोणत्याही वयोगटात फिफाच्या विश्वचषकात भारत खेळण्याची ही पहिलीच वेळ. महासंघाने देशभरातून मुले निवडली. जर्मन प्रशिक्षक निकोलाय अॅडम आले आणि २०१७ च्या आरंभी गेले. त्यांच्या जागी पोर्तुगालचे लुईस नॉर्टन डी मॅटोस आले. अंतिम २१ जणांत आठ मुले एकट्या मणिपूरची होती. महाराष्ट्रात राहून, महाराष्ट्रात घडून तिथे पोहोचलेला मुलगा अनिकेत. अमेरिकेत वाढलेला नमित देशपांडे हा मराठी आडनावाचा आणखी एक खेळाडू संघात होता. तो न्यू जर्सीहून आला होता. कोल्हापूर आणि न्यू जर्सी एकाच ड्रेसिंग रूममध्ये बसावेत, हा योगायोग सुंदर आहे.

महाराष्ट्र शासनाने त्या निमित्ताने १५ सप्टेंबर २०१७ रोजी ‘मिशन वन मिलियन’ हा उपक्रम राबवला. दहा लाख मुलांनी एकाच दिवशी फुटबॉल खेळावा, असा तो संकल्प होता. त्यानंतर त्या चेंडूंचे काय झाले, हे प्रत्येक शाळेच्या क्रीडा खोलीत जाऊन पाहावे.

एक तपशील मात्र कोल्हापूरकरांच्या मनाला लागण्यासारखा आहे. भारताचे गटातील सामने मूळ आखणीनुसार नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर व्हायचे होते. हे स्टेडियम ज्यांच्या नावाने आहे, ते डॉ. डी. वाय. पाटील मूळचे कोल्हापूरचे. पुढे केंद्राच्या आग्रहावरून हे सामने दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर हलवण्यात आले. कोल्हापूरहून नवी मुंबईला रात्रीची एसटी पकडून सकाळी पोहोचता येते. दिल्ली ही निराळी गोष्ट.

६ ऑक्टोबर २०१७ रोजी पंतप्रधानांच्या उपस्थितीत भारताचा पहिला सामना अमेरिकेशी झाला. आघाडीवर एकटा अनिकेत होता. फुटबॉल न पाहणाऱ्या वाचकासाठी सांगायला हवे, की एकट्या स्ट्रायकरचे काम हे सामन्यातले सर्वांत कष्टाचे आणि सर्वांत कमी दिसणारे काम असते. आपला संघ सतत मागे दाबला गेला असेल, तर चेंडू लांबून येतो, तोही डोक्याच्या उंचीवरून, आणि मागे दोन दणकट बचावपटू उभे असतात. चेंडू धरून ठेवायचा, सहकाऱ्यांना वर यायला वेळ मिळवून द्यायचा, आणि बहुतेक वेळा तो गमवायचा. अमेरिकेने सामना ३-० असा जिंकला. त्या अमेरिकी संघातले जॉश सार्जंट, टिम वेआ आणि सर्जिनो डेस्ट पाच वर्षांनी कतारच्या मुख्य विश्वचषकात खेळले.

९ ऑक्टोबरला कोलंबियाविरुद्ध जीक्सन सिंगने ८२व्या मिनिटाला हेडर मारला. फिफा विश्वचषकातला भारताचा तो पहिला गोल. पुढच्याच मिनिटाला कोलंबियाने गोल केला आणि सामना १-२ असा गेला. १२ तारखेला घानाने ४-० ने हरवले. तीन सामने, तीन पराभव, एक गोल. आकडे एवढेच सांगतात. प्रेक्षकांचा आकडा मात्र काही वेगळे सांगतो : ५२ सामन्यांना मिळून १३ लाख ४७ हजारांहून अधिक लोक आले, आणि तो या स्पर्धेच्या इतिहासातला विक्रम होता. खेळ पाहणारा देश तयार होता. खेळवणारा देश अजून तयार व्हायचा होता.

विश्वचषक संपला आणि प्रश्न आला, या मुलांचे पुढे काय करायचे? महासंघाने २०१० साली सुरू केलेला आणि २०१३ साली गुंडाळलेला ‘इंडियन अॅरोज’ हा संघ पुन्हा उभा केला. त्यात परदेशी खेळाडू नव्हते, मोठ्या क्लबांचा पैसा नव्हता. सतरा-अठरा वर्षांची मुले थेट आय-लीगमध्ये प्रौढांशी खेळणार होती. २९ नोव्हेंबर २०१७ रोजी गोव्यात बांबोळीच्या मैदानावर त्यांचा पहिला सामना चेन्नई सिटीशी झाला. अॅरोजने तो ३-० असा जिंकला आणि त्यांतले दोन गोल अनिकेतचे होते. हंगामाअखेर संघ तळाशी राहिला, हे खरे. पण ज्यांनी या प्रयोगाची थट्टा केली होती, त्यांना पहिल्याच दिवशी गप्प बसावे लागले.

२०१८ च्या त्या लाल कार्डाची गोष्ट आरंभी आलीच आहे. २०१९ साली अनिकेत तीन महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी इंग्लंडमधील ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे गेला. ब्लॅकबर्न हा १९९४-९५ चा प्रीमियर लीग विजेता. नोव्हेंबर २०१० मध्ये तो पुण्याच्या व्यंकीज समूहाने विकत घेतला. कोंबड्यांच्या व्यवसायातून मोठ्या झालेल्या या मराठी मुलखातील उद्योगाने लँकेशायरचा शतकी परंपरेचा क्लब घ्यावा आणि मे २०१२ मध्ये क्लब खालच्या श्रेणीत घसरताना संतप्त चाहत्यांनी मैदानात जिवंत कोंबडी सोडावी, हा आधुनिक आर्थिक इतिहासातला एक विनोदी आणि करुण प्रसंग आहे. पुण्यातले क्लब एकामागून एक मिटत असताना पुण्याचाच पैसा इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये वाहत होता, हेही ध्यानात घ्यावे. त्या पैशाच्या वाटेने का होईना, कोल्हापूरचा एक मुलगा तिथे जाऊन आला.

तिथे राहणे मात्र शक्य नव्हते. ब्रिटनमध्ये खेळण्याचा परवाना मिळण्यासाठी खेळाडूच्या देशाचे जागतिक क्रमवारीतील स्थान पाहिले जाई. २००९ साली सुनील छेत्रीचा क्वीन्स पार्क रेंजर्सशी झालेला करार याच कारणाने अडला होता. छेत्रीला जे दार उघडले नाही, ते एकोणिसाव्या वर्षी अनिकेतला उघडेल, ही अपेक्षाच चुकीची होती.

परतल्यावर तो टाटांच्या जमशेदपूर एफसीकडे, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये आला. इथून त्याच्या खेळाचे रूप बदलू लागते. विश्वचषकात स्ट्रायकर असलेला अनिकेत हळूहळू बगलेवर, मधल्या फळीच्या कडेला सरकला. हा बदल केवळ त्याच्या पायांतला नव्हता. सुपर लीगमध्ये २०१७-१८ पासून अकरांत पाच आणि २०२१-२२ पासून चार परदेशी खेळाडू खेळवता येत. आणि क्लबांनी या जागा कशासाठी वापरल्या? गोल करण्यासाठी. सर्वाधिक पैसा जिथे मोजला जातो, ती मधली स्ट्रायकरची जागा स्पॅनिश, ब्राझिलियन किंवा आफ्रिकी खेळाडूंकडे गेली. भारतीय गोलवीरांना कडेला जावे लागले : धावा, क्रॉस द्या, मागे येऊन बचावाला हातभार लावा. छेत्रीनंतर भारताला स्ट्रायकर का मिळत नाही, यावर वाहिन्यांवर तासन्‌तास चर्चा झाली. अनिकेतच्या पिढीचे सरकणे पाहिले, तर उत्तराचा मोठा भाग हाती लागतो.

जमशेदपूरमध्ये ओवेन कॉइल हे त्याचे एक प्रशिक्षक होते. हेच गृहस्थ २०१६-१७ मध्ये ब्लॅकबर्नचे व्यवस्थापक होते. फुटबॉलचे जग वाटते त्याहून लहान आहे.

२०२१ साली अनिकेत हैदराबाद एफसीमध्ये गेला. कोविडमुळे तो हंगाम सगळाच्या सगळा गोव्यात, बहुतांशी बंद दारांआड झाला. खेळाडू महिनोन्‌महिने हॉटेल आणि मैदान यांच्यामध्येच फिरत राहिले. मानोलो मार्केझ या स्पॅनिश प्रशिक्षकाच्या हाताखालचा तो संघ त्या वर्षी सुरेख खेळला. नायजेरियाच्या बार्थोलोम्यू ओगबेचेने १८ गोल केले. २४ जानेवारी २०२२ रोजी ईस्ट बंगालवर ४-० असा विजय मिळाला, त्यात तीन गोल ओगबेचेचे आणि एक अनिकेतचा. स्ट्रायकर कोण आणि कडेचा कोण, हे त्या धावफलकावरही वाचता येते. २० मार्चला फातोर्ड्याच्या अंतिम सामन्यात केरला ब्लास्टर्सविरुद्ध ८८व्या मिनिटाला साहिल तावोराने बरोबरी साधून दिली आणि पेनल्टींमध्ये गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणीच्या बळावर हैदराबाद ३-१ ने जिंकले. विजेत्या संघाच्या नामावलीत कोल्हापूरचे नाव होते. त्याच महिन्यात बहारीन आणि बेलारूस यांच्याशी होणाऱ्या मैत्रीपूर्ण सामन्यांसाठी इगोर स्टिमाक यांनी त्याला वरिष्ठ राष्ट्रीय संघात बोलावले. त्या वेळी तो एकवीस वर्षांचा होता.

आता या विजेतेपदामागची गंमत पाहा. हैदराबाद एफसी हा क्लब ऑगस्ट २०१९ मध्ये जन्माला आला. कुठून? सुपर लीगमध्ये रिकाम्या झालेल्या एका जागेवर. ती जागा होती एफसी पुणे सिटीची. पुण्याचा क्लब बुडाला, त्याची लीगमधली खुर्ची हैदराबादने घेतली आणि पुण्यात घडलेल्या कोल्हापूरच्या खेळाडूने त्या खुर्चीवर बसून चषक जिंकला. बालेवाडीच्या मैदानापासून काही तासांच्या अंतरावर त्याचे घर होते, आणि तो खेळला गोव्यात, तेलंगणाच्या नावाने.

२०२२-२३ च्या हंगामात त्याने ईस्ट बंगालची लाल-सोनेरी जर्सी घातली. ज्या क्लबावर वर्षभरापूर्वी गोल केला होता, त्याच क्लबाची. शंभर वर्षांची परंपरा, विस्थापितांची अस्मिता, मोहन बागानशी पिढ्यान्‌पिढ्यांचे वैर. पाटाकडील आणि दिलबहारच्या सामन्याला लहानपणी गेलेल्या कुणालाही कोलकात्याच्या डर्बीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

हैदराबाद एफसीचे मात्र वाईट झाले. २०२३-२४ मध्ये खेळाडूंचे पगार थकले, फिफाने नव्या नोंदणीवर बंदी घातली, परदेशी खेळाडू आणि नंतर भारतीय खेळाडूही निघून गेले आणि विजेतेपदानंतर अवघ्या दोन वर्षांत क्लब तळाशी पोहोचला. मालकी बदलली. २०२५ मध्ये क्लब दिल्लीला गेला आणि त्याचे नाव स्पोर्टिंग क्लब दिल्ली झाले. एकच खुर्ची : पुणे, हैदराबाद, दिल्ली. इंडियन अॅरोजही महासंघाने २०२२ साली बंद केला. त्यामुळे अनिकेतच्या कारकिर्दीतले पुणे एफसी, अॅरोज आणि हैदराबाद हे तिन्ही संघ आज त्या नावाने अस्तित्वात नाहीत. पंचविशीतल्या खेळाडूच्या आधी त्याचे क्लब निवृत्त झाले.

त्याच काळात, १९४० पासून चालत आलेल्या शिरस्त्याप्रमाणे, केएसएचे वेळापत्रक लागत राहिले. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी, खंडोबा, प्रॅक्टिस. यांतले कुणीही दुसऱ्या शहरात गेले नाही, आणि यांतल्या कुणाच्याही जर्सीवरून थेट देशाच्या लीगमध्ये जाता येत नाही. कोल्हापूरचा एखादा व्यावसायिक क्लब उभा राहावा, ही चर्चा शहरात नवी नाही. त्यातला अवघड प्रश्न पैशाचा आहेच, पण त्याहून अवघड प्रश्न नावाचा आहे. त्या क्लबाची जर्सी कोणत्या पेठेच्या रंगाची असेल?